टोचीची पानाची आजी

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. आणि ज्यांच्या आया मागे उभ्या आहेत त्यांनी आईला सांगा, की गोष्ट मला कळतेय, तू समजावून सांगू नकोस.

तर एका जंगलात प्राणी वाघाला भीत नसत तेवढे पालकसभेला भीत. वाघ बिचारा एकदाच खातो.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहायची. तिला एकुलती एक लेक. तिचं नाव टोची. साळूबाईच्या अंगावर जितके काटे, तितक्या तिच्या मनात काळज्या. टोची जास्त जेवली तर काळजी. कमी जेवली तर काळजी. अगदी बेताचं जेवली, तर आज हिला झालंय तरी काय, ही काळजी.

दुपारी मात्र दोघी बिळाच्या तोंडाशी बसत. पळसाची पानं घेत, आपलेच गळलेले काटे घेत आणि पानाला पान टाचत. कधी टोपी व्हायची, कधी होडी. कधी काहीच व्हायचं नाही, तरी दोघी खिदळायच्या. तेवढा एक तास साळूबाई काळजी करायची विसरायची. नंतर आठवलं की दुप्पट करायची.

एके दिवशी शाळेच्या बाई, म्हणजे टिटवीबाई, यांनी पालकसभा बोलावली.

"मुलं दिवसभर तळ्याच्या पाण्यात बघत बसतात!" टिटवीबाई ओरडल्या. "आपलं तोंड बघतात, दुसऱ्याचं तोंड बघतात. उद्या आभाळ कोसळलं तरी माना वर करणार नाहीत! म्हणून शनिवारी घरगुती हस्तकलेचं प्रदर्शन. वस्तू मुलांनीच करायची. आयांनी हात लावायचा नाही."

"बाई, योग्य बोललात," सगळ्या आया म्हणाल्या. आणि सामान गोळा करायला धावल्या.

साळूबाई धावली नाही. तिला वाटलं, आपली टोची तर रोजच करते. ती निवांत घरी आली. मुलांनो, आयुष्यात पहिल्यांदाच ती निवांत होती, म्हणून तिला जरा गरगरल्यासारखंही झालं.

टोचीने एक पान घेतलं. त्यात तीन काटे खोचले. एक वाकडा राहिला.

"ही बघ आजी," टोची म्हणाली.

"कुणाची?"

"पानाची."

"छान आहे हं," साळूबाई म्हणाली आणि पाणी आणायला गेली. तिथेच चुकलं. वाटेत सुगरणकाकू भेटल्या. चोचीत गवताची भलीमोठी जुडी.

"आमच्या पिल्लाचं दोन मजली घरटं चाललंय," सुगरणकाकू म्हणाल्या. "वरती गच्ची काढलीये. तुमच्या टोचीचं काय?"

"आजी."

"अगंबाई! केवढी?"

"एवढीशी," साळूबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता आजी तिच्या डोळ्यांदेखत आणखी लहान झाली.

"असू दे हो," काकू गोड आवाजात म्हणाल्या. "सगळ्याच मुलांना जमतं असं थोडंच आहे!"

झालं. साळूबाई तरातरा घरी आली. टोची वाकडा काटा सरळ करत होती.

"आण इकडे, मी फक्त धरते."

तिने धरलं. मग जरा सारखं केलं. मग जरा उसवलं. मग चौदा पानं नवीन आणली.

"आई, मी काय करू?"

"तू ना, तू जरा तळ्यावर जाऊन बस. पाण्यात बघ. मला हस्तकला करू दे."

टोची तळ्यावर गेली. तिथे अख्खा वर्ग बसला होता.

शनिवारी प्रदर्शन भरलं. दोन मजली घरटं होतं. कोळिणीचं बारीक नक्षीचं जाळं होतं. आणि मधोमध साळूबाईचा पळसाच्या पानांचा महाल होता. त्याला खिडक्या होत्या, खिडक्यांना झडपा होत्या. परीक्षक म्हणून आलेले रानगवा भाऊसाहेब महालापुढे थांबले. साळूबाईचे सगळे काटे उभे राहिले. आपण चांगली आई आहोत की नाही, ते आता जाहीर होणार होतं.

"शाब्बास टोची! हा कोणी केला?"

"आईनं!" टोची छाती फुगवून म्हणाली. "माझ्या आईला सगळ्यात छान येतं!"

साळूबाईला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. तसं ती बीळ उकरूही लागली. तेवढ्यात सुगरणीचं पिल्लू ओरडलं, "खोटं! माझ्या आईला जास्त छान येतं! तिनं गच्ची केलीये!" मग काय, प्रत्येक मूल आपापल्या आईची कला वर्णन करू लागलं. आया माना खाली घालून उभ्या होत्या. अभिमानाने फुलतही होत्या आणि शरमेने जळतही होत्या.

भाऊसाहेबांना जेवायची घाई होती. "मग बक्षीसही आयांनाच द्या," ते म्हणाले.

टिटवीबाईंना ते फार आवडलं. त्यांनी तिथल्या तिथे नवा नियम काढला. आयांच्या मनःशांतीसाठी रोज दुपारी हस्तकला सक्तीची. आठवड्याला एक वस्तू. गुण देण्यात येतील.

दुसऱ्या दुपारी साळूबाई पान घेऊन बसली. हात हलेना. महालानंतर आता काय करायचं? किल्ला? किल्ल्याला किती गुण? तिने पान खाली ठेवलं आणि जरा कल्पना सुचावी म्हणून तळ्यावर गेली. पाण्यात पलीकडच्या काठावरची घरटी दिसत, कोणाचं काय चाललंय ते कळे. तिथे सुगरणकाकू आधीच बसल्या होत्या. कोळीण होती. अख्खं मातामंडळ पाण्यात डोळे लावून बसलं होतं. कोणी मान वर केली नाही.

साळूबाई परत आली तेव्हा ऊन कललं होतं. बिळाच्या तोंडाशी टोची, सुगरणीचं पिल्लू आणि कोळिणीची तीन-चारशे पोरं बसली होती. सगळीकडे पानं, गवत आणि धागे. घरी कोणी मोठं नव्हतं ना.

"हे काय केलंय?" साळूबाईने विचारलं.

"अजून ठरलं नाही," टोची म्हणाली.

तिथे एक पान अगदीच वाकडं लागलं होतं. साळूबाईचा पंजा आपोआप पुढे गेला.

"आई."

पंजा थांबला. तो मागे घेणं किती अवघड गेलं, मुलांनो, ते तुम्हाला कळणार नाही. मागे उभ्या असलेल्यांना कळेल.

"बसू का मी इथे?" साळूबाईने विचारलं.

टोचीने थोडा विचार केला. मग एक फाटकं पान तिच्यापुढे सरकवलं. "बस. पण तू तुझं कर. आणि छान करू नकोस."

साळूबाईने पानाला काटा टाचला. तो वाकडा गेला. तिने तसाच राहू दिला.

तात्पर्य : मुलांनी स्वतःच्या हातांनी काही करावं असं वाटत असेल, तर आईचं घराकडे थोडं दुर्लक्ष असावं. काळजीवाहू आयांनी हे तात्पर्य मुलांकडून वहीत दहा वेळा लिहून घ्यावं. अक्षर चांगलं येत नसेल, तर स्वतः लिहून द्यावं.