बॅगेतले बाळंतपण

मंगळवार, चौदा मे. सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी आयडर जातीची एक समुद्री बदकीण स्टुर्ला हाउगेनच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत शिरली आणि बसली. सहा वाजता ती बसलेलीच होती. साडेसहाला तिने अंडे घातले.

बॅग ओडलाउगबाईंच्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला, वाळलेल्या समुद्री गवताच्या ढिगावर उघडी पडली होती. आदल्या संध्याकाळी होडीत लाट आली आणि बॅग भिजली. स्टुर्लाने कॅमेरा आणि लेन्सा पुसून घरात नेल्या, बॅग उन्हावाऱ्याला ठेवली. आतल्या चेनच्या कप्प्यात मेमरी कार्ड होते. ते कोरडे होते, म्हणून तिथेच राहिले.

त्या कार्डात स्टुर्लाची चार वर्षे होती. चार वर्षे तो नॉर्वेच्या किनाऱ्यावर बेटामागून बेट हिंडत होता, ओल्या खडकांवर पोटावर पडून राहत होता, आणि सोमवारी दुपारी त्याला हवे ते मिळाले होते: एकाच माशाची दोन टोके धरून हमरीतुमरीवर आलेले समुद्री गरुड आणि पाणमांजर. माशाचा चेहरासुद्धा नीट आला होता. स्टुर्लाने त्याच संध्याकाळी प्रकाशकाला फोन करून फुशारकी मारली होती.

"मी फक्त कार्ड काढून घेतो," तो दाराकडे निघाला.

"बस खाली," ओडलाउगबाई म्हणाल्या. त्या कुजबुजल्या, पण स्टुर्ला बसला.

एकाहत्तर वर्षांच्या ओडलाउगबाई टेर्नहोल्म बेटावरच्या एकुलत्या एका घरात राहत होत्या आणि बदकिणींच्या राखणदार होत्या. त्यांची सासू, आजेसासू, सगळ्यांनी हेच केले होते. हिवाळ्यात बदकिणींसाठी लाकडाची छोटी घरे ठोकायची, आत वाळले गवत अंथरायचे, बाळंतपण होईपर्यंत अंडी पळवणाऱ्या कुरव पक्ष्यांपासून राखण करायची, आणि पिल्ले घेऊन बदकीण समुद्रावर गेली की घरट्यात राहिलेली तिची मऊ पिसे गोळा करायची. त्यांची रजई व्हायची. व्यवहार एवढाच. मात्र तो विश्वासावर चालायचा, आणि विश्वासाचे नियम कडक होते. मोठ्याने बोलायचे नाही. शीळ नाही, हातोडा नाही, धावपळ नाही. भडक कपडे नाहीत. रोज एकच पोशाख, म्हणजे पक्ष्यांना माणूस ओळखू येतो.

"एकतीस घरं केली मी यंदा," ओडलाउगबाई खिडकीतून बघत म्हणाल्या. "नवं गवत, नव्या फळ्या. आल्या किती? एकोणीस. त्यातल्या अठरा घरात बसल्या, आणि या बाईसाहेबांना तुझी बॅग आवडली."

"मग तिला घरात हलवूया ना."

"तुझ्या बायकोला बाळंतपणात हलवलंस का?"

"तिला हॉस्पिटलात न्यावंच लागलं."

"वाद घालू नकोस. पहिले दिवस नाजूक असतात. आत्ता हात लावलास तर ती उठून जाईल, ती जन्मात या बेटावर यायची नाही, आणि तिच्या लेकीही यायच्या नाहीत."

"किती दिवस बसेल?"

"अंडी पुरी झाली की पंचवीस."

स्टुर्लाने फोन करायला जागा मागितली. ती त्याला कपड्यांच्या कपाटात मिळाली, दार लावून.

"मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही!" त्याचा प्रकाशक हाल्वार ब्रेक्के ट्रॉन्डहाइमहून ओरडला.

"बोलता येत नाही."

"का? कुणी डांबून ठेवलंय का तुला?"

"हो."

"कोणी?"

"बदकानं."

"सकाळी सकाळी प्यायला लागलास का रे?"

स्टुर्लाने सगळे सांगितले. हाल्वारने सगळे ऐकले आणि मग म्हणाला, "हे बघ. तुझ्या भरवशावर मी तुझ्या पुस्तकाचं जुनं मुखपृष्ठ रद्द केलंय. बुधवारी बावीस तारखेला सकाळी आठला फाईल छापखान्यात पाहिजे. नसली तर पुन्हा तो पफिन पक्षीच लागेल."

"कोणता पफिन?"

"तोच. तुझ्या मेव्हण्यानं सुट्टीत काढलेला."

स्टुर्ला कपाटातून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघून ओडलाउगबाईंनी न विचारता कॉफी ओतली. चमचा मात्र दिला नाही. चमच्याचा आवाज होतो.

त्याच दिवशी त्याचे नारिंगी जाकीट पेटीत गेले आणि त्याला ओडलाउगबाईंच्या नवऱ्याचा, म्हणजे कै. पेडरचा, राखाडी स्वेटर मिळाला. पेडरला जाऊन सहा वर्षे झाली होती, तरी म्हाताऱ्या बदकिणी तो स्वेटर ओळखत होत्या. बाह्या कोपराच्या जरा खालीच संपत होत्या आणि माशांचा वास अजून शाबूत होता. सांगितल्याप्रमाणे स्टुर्ला रोज चार वेळा, हळू, हात मागे बांधून बॅगेजवळून जाई. बदकीण एक डोळा उघडे आणि मिटे. तिचा नवरा खालच्या पाण्यात तरंगत, शेजारच्या घरातली भानगड कानावर आल्यासारखा "आ-ऊऽ" करीत असे.

शुक्रवारी सतरा मे, म्हणजे राष्ट्रीय दिन. देशभर बँड वाजत होते. टेर्नहोल्मवर ओडलाउगबाईंनी केकमध्ये कागदी झेंडा खोवला, दोघे स्वयंपाकघरात ताठ उभे राहिले आणि राष्ट्रगीत कुजबुजले. वरची पट्टी आली तिथे स्टुर्लाने नुसते तोंड उघडले.

"छान म्हणतोस," ओडलाउगबाई म्हणाल्या.

शनिवारी पाचवे अंडे झाले आणि बदकीण पक्की बसली. आता ती दोन-तीन दिवसांतून एकदा पाणी प्यायला उठणार होती. "दहा मिनिटं मिळतील," ओडलाउगबाई म्हणाल्या. "पिसं बाजूला करायची, कार्ड काढायचं, पिसं होती तशी लावायची. बोटं आधी गरम करून घे."

ती दहा मिनिटे सोमवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी आली. बदकीण उठली, अंड्यांवर पिसांचे पांघरूण ओढले आणि डुलत डुलत पाण्याकडे गेली. स्टुर्ला स्वेटरच्या चालीने, हळू, हात मागे बांधून बॅगेपाशी पोचला. गुडघे टेकले. पिसांखाली बोटे घातली, अंड्यांची ऊब लागली, चेन सापडली. मिठाने ती घट्ट बसली होती. त्याने एक दात सरकवला, दुसरा सरकवला.

तेवढ्यात खिडकीत ओडलाउगबाई दोन्ही हात हलवू लागल्या. स्टुर्लाने वळून पाहिले. वीस पावलांवर सात नंबरच्या घरातली बदकीणही पाण्यावर गेली होती, आणि काळ्या पाठीचा एक दांडगा कुरव त्या घराच्या दाराशी, भाड्याने खोली बघायला आल्यासारखा उभा होता. ओडलाउगबाई दुखऱ्या गुडघ्याने उंबरा ओलांडेपर्यंत एकही अंडे उरले नसते. ओरडायची तर सोयच नव्हती.

स्टुर्लाने चेनीकडे पाहिले. कुरवाकडे पाहिले. मग पिसे होती तशी लावली आणि चालत गेला. पळायचे नाही हे त्याला त्याही वेळी आठवले. सात नंबरसमोर तो तोकड्या बाह्यांचे हात पसरून उभा राहिला आणि जे ओरडायचे होते ते सगळे नुसत्या चेहऱ्याने ओरडला. कुरव दोन पावले मागे गेला, एक पाऊल पुढे आला. असे सव्वा नऊ मिनिटे चालले. दोन्ही बदकिणी आल्या, आपापल्या जागी बसल्या, आणि कुरव उडून गेला.

"चेन अडकली होती," स्टुर्ला घरात येऊन म्हणाला. "वेळ पुरला नाही."

"खिडकी मी रोजच पुसते," ओडलाउगबाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला. तो पेडरचा असायचा.

मंगळवारी दुपारी साडेतीनला पूर्वेकडून मोटरबोटीचा आवाज आला. बोटीत भडक पिवळे जाकीट घातलेला हाल्वार ब्रेक्के उभा होता आणि हाका मारत होता. स्टुर्ला स्वेटरच्या चालीने धक्क्यावर गेला आणि ओठांवर बोट ठेवले.

"कार्ड दे!"

"इंजिन बंद कर. वल्ही मार."

"अरे, उद्या आठ वाजता..."

"जाकीट काढ. उलटं करून घडी घाल. आणि हळू बोल, बाळंतीण आहे."

हाल्वारने त्याच्याकडे स्वेटरपासून बुटांपर्यंत पाहिले. "स्टुर्ला, घरी चल," तो हळूच म्हणाला.

भिंतीपाशी आल्यावर हाल्वारने आपली चामड्याची बॅग गवतावर टेकवली, आतून मुखपृष्ठाचा छापील नमुना काढला आणि स्टुर्लाच्या नाकासमोर धरला. पफिन होता. खाली बारीक अक्षरात मेव्हण्याचे नाव होते.

"हे पाहिजे तुला?" तो कुजबुजला. नकळत, पण कुजबुजला.

"नको," स्टुर्ला म्हणाला. "ती काल उठली होती. उद्या सकाळी उठली तर उठली. मी चेनीला मेण तयार ठेवलंय. आत ये, कॉफी घे. चमचा मागू नकोस."

कॉफी अर्धी झाली तेव्हा ओडलाउगबाई खिडकीपाशी थबकल्या. बराच वेळ त्या बाहेर बघत राहिल्या.

"हाल्वार," त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या बॅगेत काय काय आहे?"

"काही नाही. लॅपटॉप, गाडीची किल्ली. का?"

"उघडी ठेवलीस?"

हाल्वार उठू लागला. स्टुर्लाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस खाली," तो कुजबुजला.

"विसावी आली," ओडलाउगबाई म्हणाल्या, आणि पेटीकडे वळल्या. "पेडरचा अजून एक स्वेटर असेल. बाह्या याच्याहून तोकड्या आहेत."

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बदकिणीची मान बॅगेत होती आणि बाकीचा देह अजून बाहेर होता.