चाळीसवाले दत्तूभाऊ

दत्तूभाऊ स्वतःच्या अंगणात गाडी वळवतानाही इंडिकेटर देतात. अंगणात असतं कोण, तर शेजारच्या दोन शेळ्या आणि खाटेवर बसलेला मी. तरी डावीकडचा दिवा लुकलुकणार, खिडकीतून हात बाहेर निघणार, आणि मगच ती पिवळी व्हॅन लिंबाखाली जाणार. एकदा मी म्हटलं, "भाऊ, शेळ्यांना काय कळतंय?" तर म्हणाले, "शेळ्याइले नाही कळत, पन मले तं कळते ना मास्तर!"

तलमडुगू गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी सरकारी शाळेतला मास्तर, ते एका खासगी शाळेची पोरं नेणारे-आणणारे. गाडी त्यांची स्वतःची. मागच्या काचेखाली रंगवलेलं आहे : वेगमर्यादा चाळीस. बाकीच्या व्हॅनवाल्यांनीही रंगवलंय, पण ते दाखवायला. आमचे हे महाराज ते खरं मानून बसलेत! आदिलाबादचा रस्ता मोकळा असो की मागून ट्रक बोंबलत असो, काटा चाळीसवर. कापसाने लादलेला ट्रॅक्टर यांना मागे टाकून जातो आणि वरचे मजूर टाटा करतात. कोणी टोकलं की एकच उत्तर : "मंग लिवलं काऊन हाय?"

बायको, कमलवहिनी, दोन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. तेव्हापासून ती व्हॅन आणि तिच्यातली पोरं एवढाच त्यांचा संसार. कोणाची वेणी सुटली, कोण डबा विसरलं, कोणाला खिडकीशी बसल्याशिवाय रडू येतं, सगळं यांना तोंडपाठ.

आणि या माणसाला ओव्हरस्पीडचं चालान आलं. मुक्या माणसावर शिवीगाळीचा खटला भरावा, तसं!

गुडीहत्नूरजवळच्या हायवेवर कॅमेऱ्याने म्हणे दसऱ्याच्या दिवशी त्यांची गाडी शंभरावर टिपली. मी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. कारण शाळेने सांगून टाकलं होतं, ही नोंद पुसून आणा, तोवर आमची पोरं तुमच्या गाडीत बसणार नाहीत. दुसरा ड्रायव्हर ठेवलासुद्धा. तो एका हाताने फोन धरतो आणि दुसऱ्याने जमलं तर स्टिअरिंग. पण त्याच्या नावावर काही नाही ना!

"मास्तर, पूजेत बसलेली गाडी पळन कशी?" दत्तूभाऊ मला विचारत होते. बरोबरच होतं. आमच्याकडे दसऱ्याला जे औजार पूजेला बसतं, त्याला त्या दिवशी कामाला लावत नाहीत. मी स्वतः त्यांच्या गाडीपुढे नारळ फोडला होता आणि संध्याकाळपर्यंत ती लिंबाखालून हलली नव्हती.

मी मोबाइलवर चालानाचा फोटो उघडला. गाडी पांढरी! नंबरप्लेटवर झेंडूचा हार लोंबत होता, शेवटचे दोन आकडे फुलांखाली. ऑफिसात बसलेल्या कोणा शहाण्याने अंदाजाने आकडे भरले आणि ते नेमके यांचे निघाले. दत्तूभाऊंना मात्र धक्का वेगळाच बसला. "नंबरावर हार? अरे, कोन घालते नंबरावर हार! मी तं वरतं बोनटवर घालतो, नंबर साफ दिसला पायजे."

"भरून टाका आणि मोकळे व्हा," असं सांगणारे गावभर भेटले. त्यावर ते चिडायचे. "भरलं म्हंजे कबूल केलं. आमी काय केलं ते तं सांगा!"

मग सुरू झाल्या आदिलाबादच्या ट्रॅफिक ऑफिसाच्या फेऱ्या. दरखास्त लिहिली मी. सोबत चालानाचा फोटो आणि यांच्या गाडीचा फोटो जोडला, पण झेरॉक्सवाल्याकडे रंगीत मशीन नव्हतं. काळ्या-पांढऱ्यात पिवळी गाडीही पांढरीच दिसते. कारकुनाने दोन्ही फोटो शेजारी धरले आणि म्हणाला, "दोनों सेमइच है ना? नंबर तुमाराइच है ना? फिर?" मी म्हटलं, कंप्युटरवर उघडून बघा, रंग दिसेल. तर म्हणे, साइट बंद आहे. मग "रेपु रा." उद्या ये. पुढच्या वेळी पुन्हा रेपु रा. दत्तूभाऊंना तेलुगू तेवढंच आलं. चार महिने गेले. मला तर त्या खिडकीवर दगड घालावासा वाटे, आणि हे रोज सकाळी पोरांच्या वेळेला गाडी पुसून, फाटकाशी उभे राहायचे. नव्या ड्रायव्हरची गाडी भर्रकन गेली की आत यायचे.

शेवटी एक नवीन बाई बदलून आल्या. त्यांनी फोटो उघडला. बाहेर उभी असलेली पिवळी गाडी खिडकीतून पाहिली. झालं! चहा निवायच्या आत नोंद रद्द. चार महिने ज्यासाठी माणूस कुजला, ते एवढंसं काम होतं. या गाडीवर आजवर वेगाचा एकही गुन्हा नाही, असा शिक्क्याचा कागद मी भांडून लिहून घेतला. शाळेला दाखवायला.

परतताना मी खुशीत होतो. "भाऊ, सोमवारपासून पोरं तुमची!" त्यांनी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि बंद केली. कागद काढून पुन्हा पाहिला.

"मास्तर, कमलच्या छातीत कळ आली तवा याच गाडीत टाकून दवाखान्यात नेत होतो तिले. भर दुपार, रस्ता खाली. मागून दोनदा म्हने, अवो, जल्दी चालवा ना. मी म्हनलं, आलंच आता आदिलाबाद. मले भेव वाटे. चाळीसच्या वर नाही गेलो." मग म्हणाले, "डागदर म्हने, पाव घंटा आधी आनलं असतं तं..."

त्यांनी कागदावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"त्या दिवशी चालान भेटलं असतं ना मास्तर, तं मी ते फोटोसारखं भिंतीवर लावलं असतं."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि रडू लागले. चार महिने भांडून, वर शिक्का मारून, त्यांच्याविरुद्धचा पुरावा मीच गोळा केला होता.