भिंतीपलीकडचा देश

आपल्या सरकारने कुठल्याही देशाशी व्यापार करार केला, की निघोज्याचे पोपटराव फेटा बांधून आमच्या गल्लीत पेढे वाटतात. कराराची नुसती बोलणी सुरू झाली तरी वाटतात. बोलणी फिसकटली तर पेढे परत मागत नाहीत, एवढा मोठेपणा त्यांच्यात आहे.

त्यांच्या शेडमध्ये तीन लेथ, सहा कामगार आणि टेबलावर सात देशांचे छोटे झेंडे. माल जातो त्यातल्या एकाच देशात, आणि नेमका त्याचाच झेंडा वर्षभर उलटा होता. निर्यातीची कागदपत्रं भरायला मी आठवड्यातून दोनदा जातो. मीच तो सरळ केला.

"दारं उघडली, राव," हे त्यांचं पालुपद. त्या दारांतून येतं कोण आणि जातं कोण, या क्षुल्लक चौकशीत ते पडत नाहीत.

पेढे वॉचमनला मिळतात, चहावाल्याला मिळतात. एक खोकं मात्र दरवेळी टेबलाच्या खणात राहतं, मुंग्या लागेपर्यंत. पोपटरावांना शुगर आहे. चोरून खात असतील, असं मी धरून चाललो होतो.

पेढे मिळत नाहीत ते शेजारच्या शेडला. ती धाकट्या भावाची, म्हादूची. जमीन कंपनीला गेली, त्या पैशात दोघांनी कारखाना काढला आणि मग भांडून वाटून घेतला. थोरल्याला लेथ, धाकट्याला लोखंड घडवायचा हॅमर. म्हणजे एकाला पाटा, दुसऱ्याला वरवंटा. मधे भिंत. म्हादूच्या हॅमरने पोपटरावांच्या कपातला चहा हिंदकळतो, पण लेथवर तासायला लागणारे घडवलेले तुकडे पोपटराव मागवतात परदेशातून, बोटीने. स्वाभिमानाचं भाडं असं बंदराला जातं.

यंदा नवा करार झाला. पेढे झाले. मग त्यांच्या एकुलत्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं: माल तुमच्याच देशात बनल्याचा दाखला पाठवा, म्हणजे आमची जकात वाचेल, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

"दाखला मिळणार नाही," मी म्हणालो. "तुकडे परदेशचे. नुसते तासून ते इथले होत नाहीत."

"मी निघोज्याचा, माझा बाप निघोज्याचा."

"तुमचा नाही, मालाचा दाखला मागतायत."

"मग लिही की इथलाच हाय."

"लिहितो. खोट्याखाली सही तुमची."

भिंतीपलीकडे हॅमर चालू होता.

"तुकडे इथेच घडवले तर दाखला मिळेल. चाकणमध्ये घडवून देणारे शंभर मिळतील," मी म्हणालो. "उद्या चौकशी करतो."

त्यांनी ऐकलं नसावं. खण उघडून त्यांनी ते खोकं काढलं, मुंग्या झटकल्या आणि निघाले. कागद घेऊन मी मागोमाग.

म्हादूने हॅमर बंद केला.

"किती देश झालं, दादा?"

"सात."

"आन् आठवा आमचा व्हय?"

पोपटरावांनी खोकं पुढे केलं. म्हादूने पेढा उचलला, मोडला, आणि एक तुकडा भावाच्या हातावर ठेवला.

"अर्धाच खा. शुगर हाय तुला."