दस्तगीरमामूंची परीक्षा

तमाम रसिकजनांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की आमच्या करवीर नगरीत एके काळी गाण्याची परीक्षा एक म्हैस घेत असे. तिचं नाव चंद्री. निकाल जागच्या जागी लागे आणि त्यावर अपील नसे.

हसू नका. मी त्या परीक्षेला बसलेला माणूस आहे.

गंगावेशीच्या चौकात संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. चंद्री हौसाबाई गवळणीची. दस्तगीरमामू आपल्या शिष्याला तिच्याशेजारी उभा करत, त्याच्या पाठीवर पंजा ठेवत आणि म्हणत, "लाव सा." चंद्रीनं पान्हा सोडला, तर सा लागला. चोरला, तर शिष्यानं घरचा रस्ता धरायचा. "मानूस तोंडदेखलं वाहवा करतंय," मामू सांगत, "म्हसरू न्हाय करत."

मी सा लावला तेव्हा चंद्रीनं पान्हा तर चोरलाच, वर लाथ मारून चरवी उपडी केली. हौसाबाई म्हणाली, "पावणं, तुमी आपलं भजनात टाळ वाजवा." मी तिचं रोजचं गिऱ्हाईक. तरी तिनं मला पावणं केलं, यावरून माझं गाणं सुरापासून किती लांब होतं ते ओळखा.

मामू माझे शेजारी. जातीचे शिकलगार. "आमच्या घरात धारच लावत्यात," असं ते मोठ्या तोऱ्यात सांगत. "बापानं सुरीला लावली, मी गळ्याला." पोरवयात ते एका उत्तरेकडच्या खाँसाहेबांच्या मागं पळून गेले. त्यांचे पाय चेपले, हुक्का भरला, आणि कधीतरी उरलंसुरलं गाणं पदरात पडलं ते घेऊन संस्थानोसंस्थानी गायले. शेवटी महाराजांनी गुणीजनांना जवळ करायला सुरुवात केल्यावर कोल्हापूरला परतले. त्यांची एक बैठक मी ऐकली आहे. वरचा षड्ज लावला की समोरच्या समईची वात हलायची थांबते, असं लोक म्हणत. मी वातीकडं बघितलंच नाही. मामूंवरून नजर काढवेना.

आणि अशा माणसानं एके दिवशी बैठका बंद केल्या. का, विचारलं की एकच उत्तर, "ह्या गावाला कान न्हाईत." दरबारचं बोलावणं आलं तरी तेच. लोकांना ते आवडलं. गवई म्हटला की थोडा विक्षिप्तपणा हवाच, आणि आपल्याला शिव्या देणाऱ्या कलावंताबद्दल गावाला आदर वाटतो. मामू मग फक्त शिकवू लागले. आधी कुस्तीच्या तालमीत जोर काढायला लावत, कारण गाणं पोटातून येतं आणि पोट तालमीत बनतं. मग पाठीवर पंजा. मग चंद्री. स्वतः गाऊन दाखवणं मात्र नाही. "मी गायलो तर तू माझी नक्कल करशील," म्हणत.

त्यातलं खरं मला एका सकाळी कळलं. गाणं जमलं नाही म्हणून मी त्यांचा तंबोरा धरायला जात असे. त्या दिवशी माझ्या बोटाखाली जोडाची तार तुटली. टण्णदिशी आवाज झाला, अंगणातली कोंबडी उडाली. मामू डोळे मिटून डोलतच होते.

मी वाजवायचं थांबलो. ते डोलतच होते.

डोळे उघडल्यावर त्यांनी आधी तारेकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. हा माणूस दुसऱ्याला बोलायला जागाच का देत नसे, ते मला तेव्हा उमगलं. गावात रोगाची साथ आली त्या वर्षी त्यांना ताप आला होता, तो उतरताना कान घेऊन गेला. समोरून कुणी ओरडलं तर थोडंफार कळे, बाकीचं ते ओठांवरून ताडत. स्वतः ते फार मोठ्यानं बोलत, पण कोल्हापुरात त्याची शंका कुणाला यावी? इथं सगळेच तसे बोलतात.

"गळा शाबूत हाय," ते म्हणाले. "पर सूर लागला का न्हाय, माझं मलाच कळत न्हाय. कुनाला सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. पोट गाण्यावर होतं त्यांचं, आणि बहिऱ्या गवयाकडं शिकायला कोण येणार?

याच सुमारास हौसाबाईची लेक अनशी त्यांच्या हाताखाली आली. परकरातली पोर. चंद्रीचं दावं धरून उभी असायची आणि शिष्यांचं ऐकून ऐकून गुणगुणायची. एकदा मामूंनी सहज तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून तिची शिकवणी सुरू. परीक्षेत ती पहिल्या झटक्यात पास. चंद्रीनं चरवी काठोकाठ भरली.

पण मामू खट्टू झाले. का, ते त्यांनीच मला सांगितलं. म्हैस अनशीच्या घरची. तिनंच चारा घातलेली, तिनंच धुतलेली. पोर रेकली असती तरी चंद्रीनं पान्हा सोडला असता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच निकालावर भरवसा ठेवता येईना. मी त्यांच्या समोर बसून शपथेवर सांगितलं, की मामू, पोर फार गोड गाते. ते म्हणाले, "तुझं काय घिऊन बसलायस? तुला म्हशीनं लाथ घातलीया." हौसाबाईला विचारावं, तर ती आई.

चार वर्षं त्यांनी तिला शिकवलं, तळहातानं. पंजा पाठीवर, नजर तिच्या गळ्याच्या शिरेवर. "हाताला कळतंय," एकदा म्हणाले, "पर हातावर इस्वास कसा ठिवू? मी हिला गानं शिकवलं का बोंब, येवढं कळाया पायजे रं." मग ते आपला पंजा उलटसुलट करून बघत बसले.

चौकात दूध प्यायला येणाऱ्या एका दरबारी माणसानं अनशीला ऐकलं आणि राजवाड्यातून बोलावणं आलं. मामूंनी ठेवणीतली शेरवानी काढली. त्यांचा बेत पक्का होता. दरबारात जाणकार बसतात, ते तोंडदेखलं डोलत नाहीत. गाणं चांगलं झालं की त्यांच्या माना हलतील, आणि माना तर डोळ्यांनी दिसतात. "मी नुस्तं मुंडक्याकडं बघनार," ते मला म्हणाले.

दिवाणखाना भरला होता. महाराज लोडाला टेकून बसले होते. अनशी पुढं, मी तिच्यामागं तंबोऱ्यावर, मामू बाजूला. दरबारात पोरीच्या पाठीवर हात ठेवणं शोभलं नसतं, त्यामुळे मामूंचे दोन्ही पंजे त्यांच्याच मांडीवर पडलेले.

अनशीनं सा लावला.

आता काय सांगू तुम्हाला? पान चघळणाऱ्यांचे जबडे थांबले. कुणी पिंक टाकायला तस्त पुढं ओढत होता, त्याचा हात तसाच राहिला. ती सावकाश वर चढत गेली, आणि एवढ्या मोठ्या दिवाणखान्यात एकही मान हलली नाही. लोक डोलायचं विसरले होते.

मामू या मानेवरून त्या मानेवर बघत होते. त्यांचा चेहरा उतरत चालला. मी तंबोरा छेडता छेडता डोळ्यांनी खुणावलं, मान डोलावली, पण माझ्या मानेला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. त्यांनी अनशीकडं पाहिलं. तिचे डोळे मिटलेले, गळ्याची शीर थरथरणारी. त्यांचा हात तिच्या पाठीकडं निघाला आणि मधेच थांबला.

मग मामू उठून उभे राहिले आणि भर दरबारात, त्या सुराच्या वर, आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मला ऐकू येत न्हाय वो. कशी गातीया माझी पोर, कुनीतरी सांगा की."