पाणमांजरीचा दिवा आणि जंगलाची लाइन

एका जंगलात वीज होती. म्हणजे तारा होत्या. तारांना लोंबकळून पोपट झोके घ्यायचे. वीज पाहुण्यासारखी यायची आणि चहा उकळायच्या आत निघून जायची.

पोरांनो, चुळबुळ करू नका. मी कुणासाठी परत सांगत नसते.

त्या जंगलात ओढ्याकाठी हौसाक्का नावाची पाणमांजर राहायची. कुणाच्या शाळेत गेली नव्हती. ओढ्याची धार बघून बघून तिने लाकडी चाक केलं, त्याला जनित्र जोडलं आणि बिळात दिवा लावला. दिवा दिवसरात्र जळायचा.

शेजारी यमी नावाची लावी पक्षीण होती. तिच्या नवऱ्याला, लाव्याला, कोल्ह्याने खाल्लं होतं. दाणे टिपायला तिलाच जावं लागे, आणि थंडी तर अशी की दुपारी सुद्धा धुकं. ती हौसाक्काला म्हणाली, "आक्का, मी चरून येईपर्यंत माझी अंडी तुझ्या दिव्याखाली उबेला ठेवू का?"

"ठेव की. दिवा काय झिजतोय?"

असं छान चाललं होतं. तेवढ्यात जंगलाच्या वीज कचेरीतून करकोचे साहेब आले. एका पायावर उभे राहिले.

"हौसाक्का, तुमचं चाक एकटंच फिरतंय. हे बरं दिसत नाही. सगळ्या जंगलाच्या लाइनला जोडा. तुमची जास्तीची वीज जंगलाला. उन्हाळ्यात ओढा आटला की जंगलाची वीज तुम्हाला."

हौसाक्काला पटलं. ओढा आटायचा, हे खोटं नव्हतं. आणि जंगलाला वीज द्यायची म्हटल्यावर छाती जरा फुगलीच. फुगते. माझीही फुगली असती.

पण असं उठून जोडता येत नाही बरं का. लाइनची वीज जशी पावलं टाकते, तशीच चाकाच्या विजेने टाकायला हवीत. नाहीतर चाकाचे तुकडे. साहेबांनी लाइन आणि चाक यांच्या मधे एक बल्ब लावला. तो लुकलुकू लागला. हौसाक्का चाकाचं पाणी अडवणारी फळी थोडी उचलायची, थोडी पाडायची. लुकलुक हळू हळू होत गेली.

"बल्ब पूर्ण विझला की पावलं जुळली. तेव्हाच जोडायचं," साहेब म्हणाले.

"विझला की?"

"तोच मुहूर्त."

बल्ब विझला, खटका पडला, टाळ्या झाल्या. रानडुकराने भाषण केलं. सगळे मिळून राहिलो तर काय काय होईल ते सांगितलं. बरंच काही होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाइन गेली. आणि हौसाक्काचा दिवाही गेला. ओढा धो धो वाहतोय आणि चाक गप्प.

ती तडक कचेरीत गेली. "साहेब, तुमची वीज गेली ते समजलं. माझी कशाने गेली?"

"नियम आहे. लाइन बंद पडली की आमचा खटका फळी पाडतो, तुमचं चाक आपोआप बंद. तार जोडायला वानर खांबावर चढतो. तुमची वीज तारेत राहिली तर तो भाजेल."

"हे मात्र बरोबर आहे. वानर मरायला नको. मग मधे दुसरा खटका बसवा. लाइन गेली की मी तुमच्यापासून सुटी. तुमच्या तारेत काही नाही, माझा दिवा माझ्या घरात."

"तशी सोय नाही."

"मग करा."

"सोय करण्याची सोय नाही."

"बरं, वानर आत्ता कुठल्या खांबावर आहे?"

"वानर रजेवर आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी पाय बदलला.

हौसाक्का दुपारी घरी आली तर यमी अंड्यांवर बसलेली. पंख पसरूनही कडेची अंडी उघडी पडत होती.

"आक्का, मी सकाळपासून काही खाल्लं नाही. उठले तर ही गारठतील. बसून राहिले तर मी मरेन."

हौसाक्काने कडेच्या अंड्याला नाक लावलं. ओढ्यातल्या गोट्यासारखं गार होत चाललं होतं.

ती बाहेर गेली आणि लाइनची तार दातांनी तोडली. तारेत वीज नव्हतीच, त्यामुळे झटका बसला तो फक्त कचेरीला. मग तिने साहेबांचा खटका उपटला आणि फळी उचलली. चाक फिरलं. दिवा लागला. यमी चरायला पळाली.

लाइन काही परत आली नाही. दोन-चार दिवसांनी अंडी टिचू लागली, तेव्हा करकोचे साहेब दारात हजर. पिसं फुललेली, चोच थंडीने कडकड वाजतेय.

"हौसाक्का, तुम्ही जंगलाची एकी मोडलीत. यंत्रणेला धोका निर्माण केलात. याचा जाब द्यावा लागेल."

"देते. आत या, बाहेर गारठा आहे."

साहेब आत आले. दिव्याकडे सरकले. तेवढ्यात एक ओलं पिल्लू कवचातून बाहेर पडलं आणि धडपडत त्यांच्या पायाशी ऊब शोधू लागलं.

"धोका फार गंभीर आहे," साहेब म्हणाले. "याला जरा पलीकडे सरकवा. माझा दुसरा पाय शेकायचा राहिलाय."

तात्पर्य: पोरांनो, नेहमी सगळ्यांशी जोडून राहावं. त्याने अंधार सर्वांना सारखा वाटला जातो, कुणी तक्रार करत नाही. ज्याला पिल्लं जगवायची असतील त्याने खुशाल तार तोडावी. फक्त दिव्याजवळ थोडी जागा मोकळी ठेवावी, कारण रागवायला येणाऱ्यांनाही थंडी वाजते.