दोनशे मीटर आणि एक वामकुक्षी

ओटमारराव ग्रोत्सिंगर दुपारी एक ते तीन झोपत. ही त्यांची नुसती सवय नव्हती, ती व्यवस्था होती. एकला दहा कमी असताना बटाट्याच्या सॅलडची बशी रिकामी व्हायची, एकच्या ठोक्याला खिडकीची झडप खाली यायची आणि तीनच्या ठोक्याला वर जायची. मोजणी खात्यात छत्तीस वर्षं इमानानं काढल्यावर त्यांनी निवृत्तीकडून एवढंच मागितलं होतं. जर्मनीतल्या त्या श्वाबियन गावात एक ते तीन गवत कापायचं यंत्र चालवायला नगरपालिकेचीच बंदी होती. ती कोण मोडतंय यावर ओटमाररावांचा एक कान झोपेतही लक्ष ठेवून असे.

म्हणूनच त्या मंगळवारी दीड वाजता बायकोनं, म्हणजे हेडविगबाईंनी, त्यांना हलवून उठवलं, तेव्हा कोणीतरी गेलं असणार असं त्यांना वाटलं.

"ओटमार, ऊठ. कोपऱ्यावरच्या जुन्या डेअरीत गांजाचा क्लब येतोय."

"किती वाजले?"

"दीड."

"मग तीनला सांगायचं ना!" असं म्हणून ते कुशीवर वळले, आणि लगेच ताडकन उठून बसले. "कसला क्लब?"

नव्या कायद्यानं प्रौढ माणसांना मंडळ काढून गांजा पिकवायला आणि आपसांत वाटून घ्यायला परवानगी दिली होती, हे ओटमाररावांनी पेपरात वाचलं होतं. पण असली मंडळं बर्लिनमध्ये निघतात आणि तिथंच राहतात अशी त्यांची समजूत होती.

"काढतंय कोण?"

"रोसविताबाई."

रोसविता क्यूब्लर म्हणजे शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, वय वर्षं चौऱ्याहत्तर. निम्म्या गावाला त्यांनी पाढे आणि बायबल शिकवलं होतं, आणि ज्यांना शिकवलं नव्हतं तेही त्यांना बाईच म्हणत. दोन्ही खुब्यांच्या दुखण्यानं त्या बेजार होत्या, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं. लोक बसथांब्यामागे कोणाकडून काय घेतात देव जाणे, त्यापेक्षा वजन करून, लेबल लावून, वय तपासून दिलेलं काय वाईट?

खरं सांगायचं तर ओटमाररावांना गांजाचं काहीच वाटलं नव्हतं. त्यांना धास्ती वाटली ती दुसऱ्याच कारणानं.

"हेडविग, असल्या मंडळाला पाचशे सभासद चालतात. पाचशे! प्रत्येक जण गाडी घेऊन येणार. येताना दार आपटणार, जाताना दार आपटणार. हजार वेळा, हेडविग!"

"दिवसाला?"

"समज महिन्याला. पण त्यातली दीड वाजता किती आपटतील?"

हे कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. ओटमाररावांनी कायदा मागवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात त्यांना हवं ते सापडलं. शाळा किंवा मुलांच्या मैदानाच्या दारापासून दोनशे मीटरच्या आत असं मंडळ काढता येत नाही. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती; पण एक मैदान होतं, चर्चच्या मागे. ओटमाररावांनी माळ्यावरून मोजणीची फीत आणि लाल-पांढऱ्या काठ्या काढल्या.

दोनशे बारा मीटर भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, तर दोनशे बारा मीटर आणि तीस सेंटिमीटर.

"मग एकशे नव्वद लिही की," हेडविगबाई म्हणाल्या. "कोण बघायला येतंय?"

ओटमाररावांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्या मुकाट्यानं कणीक मळायला लागल्या. बारा मीटर खाणं त्यांच्यानं होणार नव्हतं. दोन दिवस त्यांनी डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी कॉफी पिता पिता त्यांच्या मनात आलं की मैदान डेअरीपासून लांब असेल, तर डेअरीजवळ दुसरं मैदान केलं की झालं! आणि गल्लीत नगरपालिकेचा एक तिकोनी हिरवळीचा तुकडा होताच. डेअरीच्या दारापासून बरोबर एकसष्ट मीटर.

"तो आपल्या झोपायच्या खिडकीखाली आहे," हेडविगबाई म्हणाल्या.

"अगं, नावाला. एक झोपाळा टांगतील. त्यावर बसतंय कोण? गावात मुलं तरी आहेत किती?"

"एकशे सत्तेचाळीस."

पण ओटमारराव तोवर नकाशा काढायला बसले होते.

गुरुवारी संध्याकाळी नगरपालिकेची सभा खचाखच भरली. नगराध्यक्ष उलरिख टेबलावर कोपरं टेकून बसले होते.

"उलरिख, कोपरं," रोसविताबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. नगराध्यक्षांनी कोपरं काढली.

बाईंनी आपली बाजू दहा मिनिटांत मांडली. मग बेकरीवाले वेंडेलिन उठले. "माझं दुकान डेअरीच्या पाठीला आहे. उद्या माझ्या प्रेत्झेल-पावांना गांजाचा वास लागला तर?"

"खप वाढेल!" मागून कोणीतरी ओरडलं.

"आज बसथांब्यामागे काय चालतं ते बंद होणार असेल, तर मला वास चालेल," एक आई म्हणाली. "आणि मला मुळीच चालणार नाही," तिच्या शेजारी बसलेला तिचाच नवरा म्हणाला. तासभर असं दोन्हीकडून चाललं. शेवटी ओटमारराव उठले.

त्यांनी डेअरीचं नावही काढलं नाही. ते मुलांवर बोलले. बालपणावर बोलले. आपल्या गल्लीत मुलांचं हसू ऐकू येत नाही, याची आपल्याला किती खंत वाटते हे त्यांनी सांगितलं, तेव्हा तिसऱ्या रांगेत कोणीतरी नाक शिंकरलं. मग त्यांनी नकाशा उलगडला.

रोसविताबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "ओटमार, तुझ्या अंगणात बॉल गेला, तर परत मिळायला पूर्वी एक आठवडा लागायचा ना रे?"

"माणूस बदलतो, बाई."

"बघू या," बाई म्हणाल्या. "मुलांसाठी मैदान होत असेल तर मी आड येणार नाही. डेअरीचा अर्ज मी मागे घेते. दुसरी जागा शोधीन."

ठराव एकमतानं मंजूर झाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ओटमारराव घरी आले ते तरंगतच.

त्या गावात एखादी गोष्ट करायची नाही असं ठरलं, तर ती होत नाही. पण करायची ठरली, तर ती पुरेपूर होते. एका झोपाळ्याचे चार झोपाळे झाले. पत्र्याची घसरगुंडी आली. पाणी उपसायचा हातपंप आला, आणि तो दर उपशाला किंचाळायचा. दोरावरून लटकत जायची पंचवीस मीटरची गाडी आली. ती जिथं धाडकन थांबायची, तिथं पलीकडे ओटमाररावांच्या झोपायच्या खोलीची भिंत होती. कुंपणावर पितळी पाटी लागली: 'ओटमार ग्रोत्सिंगर यांच्या कल्पनेतून.' उद्घाटनाला शेजारच्या गावची बालवाडीही आली होती. त्यांना जागा इतकी आवडली, की ती दर मंगळवारी आणि गुरुवारी येऊ लागली. बरोबर एक वाजता.

पहिल्या आठवड्यात ओटमाररावांनी कानात कापूस घातला. दुसऱ्या आठवड्यात मेण. तिसऱ्या आठवड्यात ते नगरपालिकेत गेले.

"एक ते तीन बंदी आहे ती यंत्रांना," उलरिख म्हणाले. "मुलं यंत्रं नाहीत हो."

मग त्यांनी जिल्हा कार्यालयाला फोन लावला. तिथल्या बाईंनी कलम वाचून दाखवलं. "ग्रोत्सिंगरसाहेब, मैदानावरच्या मुलांचा आवाज हा उपद्रव धरत नाहीत."

"आणि पंपाचा?"

"पंप कोण हलवतं?"

"मुलं."

"मग तो मुलांचाच आवाज झाला."

युक्तिवाद बिनतोड होता, आणि तो आपल्याला पटला याचंच ओटमाररावांना जास्त दुःख झालं. ते तळघरात बटाट्यांशेजारी झोपून पाहू लागले, पण गाडीचा दणका तिथं जास्तच घुमायचा. एकदा मोटार घेऊन जंगलात गेले, तर तब्येत ठीक आहे ना हे विचारायला वनरक्षकानं काच वाजवली. अकरा आठवडे असे गेले. त्यांचे डोळे लाल झाले, कॉफीत साखरेऐवजी मीठ पडू लागलं, आणि एका शनिवारी तर आठवड्याची ठरलेली झाडायची पाळी शेजारणीची असताना त्यांनी स्वतः सामाईक जिना झाडून काढला. त्या गावात एवढं झालं की लोक डॉक्टरचा नंबर शोधतात.

अशा वेळी एका दुपारी रोसविताबाई सफरचंदाचा केक घेऊन आल्या.

"जागा मिळाली," त्या म्हणाल्या. "दफनभूमीच्या मागचं बियरचं जुनं तळघर. अंतरं सगळी कायद्यात बसतात. एकच अडलंय. मंडळाला व्यसनप्रतिबंध अधिकारी नेमावा लागतो. कोण किती नेतंय ते बघायचं, वाहवत जाणाऱ्याला आवरायचं. दोघांना विचारलं. एक फार हळवा निघाला, दुसरा फार खूश. मला असा माणूस हवाय, जो झोपेतसुद्धा नियम विसरणार नाही."

"मी? बाई, मी तुमच्या विरोधात होतो!"

"म्हणूनच."

"आणि त्या धुरात बसू?"

"कसला धूर? आत ओढायला बंदी आहे. घ्यायचं, सही करायची, घरी जायचं. वाटप चार वाजल्यानंतर."

ओटमारराव केक चिवडत राहिले. बाहेर दोरावरची गाडी धाडकन थांबली आणि कपाटातल्या बशा हलल्या.

"गाड्या?" त्यांनी विचारलं.

"तिथवर रस्ताच नाही. दफनभूमीतून चालत यायचं."

"आणि… मुलं?"

"अठराच्या आतल्यांना दारातसुद्धा पाऊल टाकता येत नाही. कायदाच आहे."

ओटमाररावांनी केकची बशी बाजूला सारली. "भिंती कशा आहेत?"

"दगडी. नव्वद सेंटिमीटर."

"मोजून?"

"तूच मोज."

ओटमाररावांनी मोजल्या. ब्याण्णव भरल्या. त्यांनी तिथंच भिंतीला टेकून सही केली.

रीतसर प्रशिक्षण घेऊन ते कामावर रुजू झाले आणि काम त्यांनी खरोखर चोख केलं. पण ते दुपारी एकलाच का येतात, हे बाईंनी कधी विचारलं नाही. रोपांच्या खोलीशेजारी एक बाक होता. पंख्याची मंद घरघर सोडली, तर तिथं कसलाही आवाज नव्हता.

एका बुधवारी दीड वाजता सरकारी तपासणीस न सांगता आले. प्रेत्झेलची टोपली पोचवायला आलेले वेंडेलिनही त्यांच्या पाठोपाठ आत शिरले. बाकावर ओटमारराव आडवे होते. बूट जोडीनं खाली ठेवलेले, तोंड उघडं, आणि चेहऱ्यावर असं सुख की तपासणीस दोन पावलं मागे सरले.

"हे कोण?"

"आमचे व्यसनप्रतिबंध अधिकारी," रोसविताबाई म्हणाल्या.

तपासणिसांनी त्यांना हलवलं. पुन्हा हलवलं. अकरा आठवड्यांची थकबाकी वसूल होत होती, ती अशी अर्ध्यावर थांबणार नव्हती. शेवटी एक डोळा उघडला.

"तीन वाजले?"

"आपण काही घेतलंय का?" डोळ्यात बॅटरी मारत तपासणिसांनी विचारलं.

"बटाट्याचं सॅलड," ओटमारराव म्हणाले, आणि परत झोपले.

त्यांची तपासणी झाली, आठवड्यानं अहवाल आला. शरीरात काडीचाही अंश नाही, आणि कामाच्या वेळेआधी झोपण्याविरुद्ध कायद्यात कलम नाही. पण अहवाल टपालानं येतो आणि वेंडेलिन सायकलवरून येतात. तोवर बातमी सगळ्या गावात पोचली होती.

अहवाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी हेडविगबाई गायनमंडळाच्या सरावाहून फणफणत आल्या. "अख्खं गाव म्हणतंय, एवढा विरोध करणारा ओटमार आता रोज दुपारी तर्र होऊन पडतो! गाडी आदळते म्हणून समोरचे आजोबासुद्धा झोपेला मोताद झालेत, तेही हसतायत! तो अहवाल दे इकडे. चौकातल्या फलकावर लावते."

ओटमारराव अहवाल हातात धरून उभे होते. आयुष्यभर जपलेली अब्रू त्या एका कागदावर होती, शिक्क्यासकट. खिडकीबाहेर पंप किंचाळला.

"हे लावलं, तर मी तिथं काय करतो ते कळेल," ते सावकाश म्हणाले.

"कळू दे की! झोपतोस म्हणून कळेल!"

"तेच म्हणतो मी. कळलं की गल्लीतले सगळे म्हातारे उद्याच सभासद होतील." त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि खणात ठेवून कुलूप लावलं. "आणि घोरतात मेले सगळे."

"आणि लोक तुला गंजेटी म्हणतात, त्याचं काय?"

घड्याळात एकला वीस कमी होते. ओटमाररावांनी टोपी घातली आणि दारात थांबून बायकोकडे पाहिलं.

"म्हणू देत गं. फक्त एक ते तीन जरा हळू म्हणा म्हणावं."