सुगंधाताईंची तक्रार

मुलांनो, नाकं पुसून नीट बसा. आज वासाची गोष्ट आहे.

एका जंगलात सुगंधा नावाची चिचुंद्री राहत होती. नाव आईने हौसेने ठेवलं होतं. पण ती दिसली की ससे नाकावर पंजे धरत. साप तिच्या बिळापाशी येत, एक श्वास घेत आणि आल्या वाटेने परत जात. रानमांजराने तर तिच्या घराकडे फिरकणंच सोडलं होतं. सुगंधाला मात्र याचं काहीच कौतुक नव्हतं. तिचं दुःख वेगळं होतं.

दर चैत्रात खारूताईंकडे हळदीकुंकू असे. कैरीची डाळ, पन्हं, गप्पा. सगळ्याजणी गौरीपुढे गोल करून बसत. बोलावणं सुगंधालाही असे, पण तिचा पाट लांब मांडलेला असे, वारा जिकडे जातो त्या टोकाला. डाळ तिथवर पोहोचेपर्यंत तिच्यात नुसत्या मिरच्या उरत. यंदा मरण आलं तरी बेहत्तर, पण गोलातच बसायचं, असं तिने ठरवलं.

वडाखाली खंडूशेठ मुंगसाने नवं दुकान काढलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'घामाचा वास घालवणारा लेप. शंभर टक्के नैसर्गिक.'

सुगंधा काही भोळी नव्हती. डबी हातात घेऊन तिने आधी विचारलं, "शेठ, यात ॲल्युमिनियम आहे?"

"छे हो, ताई!"

"पॅराबेन?"

"शिव शिव!"

"कृत्रिम अत्तर?"

"आमच्या घरात चालत नाही ते."

"आणि दुष्परिणाम?"

खंडूशेठने गळ्याला हात लावला. "आजवर कितीतरी उंदरिणी हा लेप घेऊन गेल्या. एक तरी परत येऊन तक्रार करताना दिसली का तुम्हाला?"

खरंच दिसली नव्हती. सुगंधा निर्धास्त झाली. डबीत काय काय नाही, ती यादी तिने दोनदा वाचली. काय आहे, ती यादी खाली बारीक अक्षरांत होती. आलं, पुदिना, लिंबाचा रस, खोबरेल तेल, मीठ चवीपुरतं. अंगाला चोळून अर्धा तास मुरू द्यावं.

हसू नका, मुलांनो. तुमच्या घरातल्या मोठ्यांनी ती खालची यादी कधी वाचली आहे का, विचारून बघा.

हळदीकुंकवाच्या दिवशी सुगंधाने लेप चोळला. अर्ध्या तासाने स्वतःलाच हुंगलं. नुसता पुदिना! तिला रडूच आलं. डोळे पुसून ती भर दुपारी लगबगीने निघाली.

वाटेत करवंदीच्या जाळीतून खंडूशेठ बाहेर आला. "ताई! ओळखलंच नाही हो! जरा जवळ येऊ का?"

आजवर तिला असं कोणीच विचारलं नव्हतं. लाजून तिने डोळेच मिटले. खंडूशेठ जवळ आला. अगदी जवळ. त्याने तोंड उघडलं.

पण ऊन चैत्राचं होतं आणि चाल घाईची. सुगंधाला दरदरून घाम फुटला, लेप वितळून गेला आणि जुना वास दुप्पट जोराने उसळला. खंडूशेठ तीनदा शिंकला, "थू थू" करत ओढ्याकडे पळाला.

सुगंधा पुन्हा लांबच्या पाटावर बसली आणि मिरच्या चघळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती तणतणत दुकानात गेली. "शेठ, घटकाभर तरी टिकायचा हो! माझं कौतुक करायला तुम्ही तोंड उघडलंत आणि तुम्हालाच शिंका आल्या. शरमेने मेले मी."

खंडूशेठ अजून चुळा भरत होता. "चूक झाली, ताई. बरं झालं सांगितलंत. नाहीतर आम्हाला कळणार कसं?"

चारच दिवसांत त्याने नवी डबी काढली. "हा घाम आला तरी उतरत नाही. खास तुमच्यासाठी बनवलाय."

"यातही पॅराबेन नाही ना?"

"नावालाही नाही. लावा आणि इथेच बसा अर्धा तास. आत सावली आहे."

किती अगत्य, असं मनात म्हणत सुगंधा आत गेली.

त्यानंतर तिची तक्रार आली नाही.

तात्पर्य: ग्राहकाने तक्रार जरूर करावी. त्याशिवाय माल सुधारत नाही.